पद्मिनीचं मागचं बेअरिंग आणि सातपूरचे मिस्त्रीकाका

प्रीमियर पद्मिनीचं मागचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल, तर गाडी नाशिकच्या सातपूरला न्या. त्र्यंबक रोडने एमआयडीसीत शिरलं की आत एका लेथच्या वर्कशॉपला लागून एका मिस्त्रीकाकांचं गॅरेज आहे. नाव आणि नंबर जाहीर करू नका, असं त्यांनीच मला सांगितलंय. ते एका वेळी एकच गाडी घेतात, मागे रांग लागलेली त्यांना चालत नाही. आसपासच्या कुठल्याही टर्नरला (लेथवर काम करणाऱ्याला) 'जुन्या फियाट करणारे काका' असं विचारलंत तर बोट दाखवून सांगतील.

आमची गाडी १९८६ची, बाबांनी घेतलेली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, मागे पाटे, सगळं मूळचं. ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली, आणि मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखानाही त्यांनीच उभारला. बाबा रावळगावच्या गोळ्या खात मोठे झाले, त्यामुळे ही गाडी त्यांना अर्धी आपल्या जिल्ह्यातलीच वाटायची. ती विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

त्रास असा होता. ताशी चाळीसच्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज यायचा आणि वेगाबरोबर वाढायचा. क्लच दाबला, इंजिन बंद केलं तरी चालूच, म्हणजे इंजिन सुटलं. डांबरावर काय आणि सिमेंटवर काय, सूर तोच, म्हणजे टायरही नाही. कसारा घाटात उजव्या वळणावर तो चढायचा आणि डाव्या वळणावर बसायचा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. म्हणजे दोष डावीकडे. इथपर्यंत शहरातल्या आधीच्या गॅरेजवाल्यांचंही निदान बरोबर होतं. ते नवं बेअरिंग बसवायचे, गाडी काही दिवस शांत राहायची आणि मग तोच सूर, त्याच बाजूने. दर वेळी उत्तर एकच, 'माल डुप्लिकेट आला असेल.' बाजारात नकली बेअरिंगं भरपूर आहेत, हे खरंच. पण नकली माल नेमका डावीकडेच कसा येईल? मी शाळेत गणित शिकवते, मला हा योगायोग पटेना.

काकांनी गाडीकडे पाहायच्या आधी विचारलं, "ताई, निघालेली बेअरिंगं आणलीत का?" शेवटचं एक डिकीत होतं. त्यांनी ते ग्राइंडरने कापलं, रॉकेलने धुतलं आणि मला उजेडात नेऊन दाखवलं. मला हे गॅरेज आवडायचं मूळ कारण इथेच आहे.

बेअरिंगच्या दोन्ही रिंगांवर गोळ्या जिथून धावतात तिथे एक पट्टा उमटतो. सगळं नीट असेल तर तो खाचेच्या मधोमध, रिंगच्या कडेला समांतर असतो. आमच्या बाहेरच्या रिंगवर तो तिरपा होता. एका ठिकाणी आतल्या कडेकडे, बरोबर समोरच्या बाजूला बाहेरच्या कडेकडे. आतल्या रिंगवर तिरपेपणा नव्हता, पट्टा फक्त रुंद झालेला. काका म्हणाले, "फिरते ती आतली रिंग, उभी असते ती बाहेरची. शाफ्ट वाकला असता तर आतली तिरपी खाल्ली असती. बाहेरची खाल्लीय, म्हणजे तिला धरणारं घर वाकडं आहे."

घर म्हणजे एक्सलचं हाऊसिंग, मागच्या दोन चाकांमधली पोकळ नळी. पद्मिनीत हाफ शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, त्यामागे एक कॉलर, म्हणजे लोखंडी कडं, गरम करून चढवलेली असते आणि बाहेरची रिंग हाऊसिंगच्या टोकाला बसते. तेच टोक कललेलं असेल तर कितीही अस्सल बेअरिंग आणा, ते पहिल्या दिवसापासून पिळलं जाणार. मी घरी येऊन वाचलं. या जातीचं बेअरिंग साधारण २ ते १० मिनिटांचा तिरपेपणा सोसतं, आणि एक अंश म्हणजे ६० मिनिटं. १४ इंची रिमवर १० मिनिटं म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत जेमतेम १ मिलिमीटरचा फरक.

तरीही काका पट्ट्यावर विसंबले नाहीत. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरून गाडी सपाट फरशीवर घेतली आणि मागच्या चाकांना गवंडी लावतो तसा ओळंबा लावला. या गाडीचा मागचा एक्सल अखंड, त्यात चाकाचा कल बदलायची सोयच नाही, म्हणून दोन्ही चाकं उभी सरळ दिसायला हवीत. उजवं सरळ होतं. डाव्याची वरची कड आत झुकलेली, आणि त्याच टायरची आतली कड जास्त झिजलेली. ती झीज इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मग शाफ्ट काढून व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, फिरवला, डायलचा काटा जवळजवळ हलला नाही. बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरने मोजली, तीही ठीक. आतली रिंग शाफ्टवर घसरत असती तर तिथे तपकिरी गंजासारखा डाग आणि चकाकी दिसते, तसं काही नव्हतं. रिम मूळच्या आहेत का, हेही पाहिलं. रुंद टायर आवडतात म्हणून अनेक जण चाक बाहेर काढणाऱ्या रिम लावतात, आणि चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवरचा तरफेचा जोर जास्त. आमच्या रिम मूळच्याच निघाल्या.

शेवटी डिफरन्शिअल उतरवून हाऊसिंग रिकामं केलं. शेजारच्या लेथवर दोन्ही टोकांच्या मापाच्या चकत्या काढल्या आणि त्यांतून एक सरळ बार घालून पाहिला. उजवीकडून शिरलेला बार डाव्या टोकाच्या चकतीत जाईना. मला इतकं समाधान फार दिवसांत झालं नव्हतं, कारण आता शंका उरली नव्हती. हाऊसिंग कधी वाकलं असेल, हे मी विचारलं. खूप वर्षांपूर्वी डावं चाक उघड्या चेंबरमध्ये आपटलं होतं. "असेलही," एवढंच काका म्हणाले. जे मोजता येत नाही त्यावर ते बोलत नाहीत.

हाऊसिंग हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ केलं. थोडं दाबायचं, बार घालून बघायचं, पुन्हा दाबायचं. बार हाताने सरकेपर्यंत हे चाललं. नवं बेअरिंग बसवताना प्रेसचा जोर फक्त आतल्या रिंगवर पडेल अशी नळी वापरली. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे खाचेत उमटतात आणि नवं बेअरिंग घरातूनच आजारी निघतं. कॉलर नवीन, सगळीकडून सारखी गरम करून एका दमात चढवलेली.

कॉलरबद्दल जरा थांबून लिहिते, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पद्मिनीत चाक आणि शाफ्ट गाडीला धरून ठेवते ती हीच कॉलर. ती ढिली झाली तर शाफ्टसकट चाक बाहेर येतं. जुनी कॉलर पुन्हा चढवणं किंवा तिला वेल्डिंगचा टाका मारणं, दोन्ही करू देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट तिथे कडक आणि ठिसूळ होतो, शेजारच्या बेअरिंगचं ग्रीस आणि सीलही जातं. काकांनी जुनी कॉलर छिन्नीने फोडून माझ्या हातात दिली.

जाता जाता ऑइल सील बदललं आणि हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, साफ केला. तो मातीने बुजला की आत दाब वाढतो, गिअर ऑइल सीलमधून बेअरिंगपर्यंत आणि तिथून ब्रेकच्या लायनरवर जातं.

त्यानंतर एक पावसाळा आणि घाटातल्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. मागून आवाज नाही, डाव्या टायरची झीज आता सारखी आहे.

आता अडचणी. काम सावकाश होतं, गाडी बरेच दिवस ठेवावी लागते आणि मधे फोन केलेला त्यांना रुचत नाही. बसायला जागा नाही. पैसे रोख. लेथ आणि प्रेसचं बिल शेजारचा वर्कशॉपवाला वेगळं देतो, सगळं मिळून मला दोन नव्या टायरपेक्षा थोडा जास्त खर्च आला. नुसतं बेअरिंग बदलण्याच्या मानाने हे महाग आहे. पण नुसती बेअरिंगं बदलण्यात मी याहून जास्त घालवले होते. रंगकाम, एसी, वायरिंग ते घेत नाहीत.

शनिवारी बंद असतं. सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा ते निवांत बोलतात. निघालेलं बेअरिंग न धुता, जसं आहे तसं पिशवीत घालून न्या. कुठल्या बाजूचं ते त्यावर खडूने लिहा, आणि बाहेरच्या रिंगची वरची बाजू कुठली होती ती खूण चाक उतरवतानाच करून घ्या.