पोर्ट शून्यावर आठ महिने

आमचं जळगावचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि चौघांत एक लिनक्स मशीन. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी वजन-हिशेबाची साइट आहे, जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या) टेस्टसाठी घरची स्क्रिप्ट होती: पोर्ट ८०८१ वर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, सर्व्हर उभा करायचा, मग ब्राउझर सोडायचा.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, एरर ९८, म्हणजे पोर्ट आधीच कुणीतरी धरलाय, हे रोजचंच. कुणीतरी कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-झेड दाबून चहाला गेलेलं असायचं. झेडने प्रोसेस मरत नाही, नुसती थांबते आणि पोर्ट धरून बसते. मग आरोळी, “भो, ८०८१ कोनाचा?”

ओरडणारी चूक तरी परवडली. एकदा आमचा सर्व्हर उठलाच नाही, एरर लॉगमध्ये गडप झाली आणि टेस्ट मात्र सगळ्या हिरव्यागार. शेजारच्याचा जुना सर्व्हर ८०८१ वर चालू होता. आमच्या टेस्ट त्याचाच कोड तपासत होत्या. केळीच्या घडाच्या दांड्याचं वजन दोनदा वजा होत होतं, ते शेवटी व्यापाऱ्यानेच दाखवलं.

त्यानंतर मुकाट्याने लाइव्ह-सर्व्हर-टेस्टकेसवर आलो; टेस्टसाठी स्वतःच सर्व्हर उभा करणारा हा जँगोचा क्लास. जँगो १.१० मध्ये त्यालाही ८०८१ ते ८१७९ अशी ठरलेली रांग होती. २०१७ च्या १.११ पासून तो थेट पोर्ट ० मागतो, म्हणजे ‘जो रिकामा असेल तो दे’. लिनक्स सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधला देतं. पत्ता लाइव्ह-सर्व्हर-यूआरएलमधून घ्यायचा, बस. आमच्या कोडमध्ये ८०८१ हाताने लिहिलेलं एकतीस ठिकाणी निघालं, दोन दिवस त्यातच गेले.

मधे आम्ही शहाणपणाही केला. फ्रंटएंडच्या सर्व्हरसाठी आधी रिकामा पोर्ट शोधायचा, सॉकेट बंद करून तो सोडायचा, मग तो आकडा सर्व्हरला द्यायचा. त्या क्षणभरात दुसरा कुणी तो पोर्ट उचलतो. समांतर टेस्ट लावल्यावर हे दोनदा घडलं. ज्याला पोर्ट वापरायचाय त्यानेच शून्य मागावं आणि मिळालेला आकडा छापावा. आता तसंच करतो.

कुरकुर दोन गोष्टींची. अडकलेली टेस्ट हाताने ब्राउझरमध्ये बघायची तर दर वेळी नवा आकडा शोधावा लागतो. आणि कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण) पोर्ट बघत नाही: लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, एका पोर्टचं लॉगिन दुसऱ्यावर सांडतं, त्यामुळे रोजच्या ब्राउझरमध्ये उघडलं की भलताच व्यापारी लॉगिन दिसतो. मी त्यासाठी खासगी विंडो वापरतो.

पेमेंटच्या कॉलबॅकला, म्हणजे पैसे भरल्याचं आमच्या सर्व्हरला परत कळवण्याला, पत्ता पक्काच लागतो. त्याच्या एका टेस्ट-क्लासला पोर्ट ९१२३ बांधून दिलाय आणि तो रात्री एकटाच चालतो. आठ महिन्यांत एरर ९८ दिसली ती तिथेच, एकदा. कंट्रोल-झेड कुणी दाबलं होतं ते सांगत नाही, कूलरजवळची खुर्ची माझीच आहे.