शाळकरी मुलांसाठी बांधकाम प्री-अप्रेंटिसशिप: फी नाही, पण चौकशी करूनच नाव घाला

हा कोर्स केला की पोरगं इलेक्ट्रिशियन नाहीतर प्लंबर होऊन बाहेर पडेल, अशी कल्पना असेल तर ती आधीच काढून टाका. अप्रेंटिसशिप म्हणजे पगार घेत, साइटवर काम करत धंदा शिकणं. प्री-अप्रेंटिसशिप ही तिच्या अलीकडची पायरी. हातात परवाना पडत नाही, बहुतेक ठिकाणी पगार नसतो आणि कुठल्या युनियनमध्ये जागाही पक्की होत नाही. तरी माझ्या धाकटीनं अकरावीत हा कोर्स केला आणि मी त्याला पाचपैकी चार स्टार देते. पाचवा कुठे गेला ते पुढे येईलच.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग), लाकडी घरांची आणि छोट्या व्यापारी इमारतींची डिझाइनं करते. साइटवर कोण काय करतं हे मला रोज दिसतं. शाळेत ते शिकवतात कसं, याची उत्सुकता होती. मुलीच्या शाळेत चालतो तो अभ्यासक्रम एमसी-थ्री, म्हणजे मल्टी-क्राफ्ट कोअर करिक्युलम. १४ बांधकाम युनियनांची शिखर संघटना, नॉर्थ अमेरिकाज बिल्डिंग ट्रेड्स युनियन्स, हिनं तो बनवलाय. मूळ आराखडा साधारण १२० तासांचा, शाळा तो आपापल्या वेळापत्रकात बसवतात. यात कुठलाही एक ट्रेड, म्हणजे वीजकाम, प्लंबिंग असा एखादा कारागिरीचा धंदा, शिकवत नाहीत. सगळ्यांना लागेल ते शिकवतात: हत्यारं आणि साहित्य, सुरक्षितता, नकाशा वाचणं, बांधकामाचं गणित, प्रथमोपचार, कामगारांचा इतिहास, पैशाचे व्यवहार.

मला सगळ्यात आवडलं ते गणित. शिक्षक निवृत्त इलेक्ट्रिशियन, बोलायला तुटक, पण हातात नळी आली की खुलायचे. अर्धा इंची ईएमटी, म्हणजे आतून वायर नेतात ती पातळ पोलादी नळी, भिंतीवरच्या तीन इंची अडथळ्याला ओलांडून न्यायची. त्यासाठी दोन वाक द्यायचे, दोन्ही ३० अंशांचे. दोन खुणांमध्ये अंतर किती ठेवायचं? तीन गुणिले दोन, सहा इंच. हा दोन आला कुठून, तर साइन ३० म्हणजे अर्धा आणि त्याचा व्यस्त दोन. शिवाय वाक दिला की नळी लांबीला आखडते. ३० अंशांना दर इंचामागे पाव इंच, म्हणजे इथे पाऊण इंच. तेवढं आधी धरलं नाही तर नळी वायरी जोडायच्या बॉक्सपर्यंत पोचतच नाही. आमच्या मुलीची पहिली नळी जमिनीवर ठेवली की डुगडुगायची, कारण दोन्ही वाक एका पातळीत आले नव्हते. शिक्षकांनी ती फेकून न देता फळ्याशेजारी टांगली, आणि दुसरी वाकवायला लावली. त्या संध्याकाळी जेवताना ही अचानक म्हणाली, "आई, साइन थर्टी खरंच अर्धा असतो गं." ट्रिगनोमेट्रीच्या ट्यूशनवर आम्ही जे पैसे ओतले होते त्यांबद्दल मी तिथे काही बोलले नाही.

दुसरा चांगला भाग भिंतीचा. आठ फुटी लाकडी भिंत, मध्ये दाराची चौकट सोडायची. आपण ज्याला टू बाय फोर म्हणतो ते लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी टेपनं मोजायला लावतात. स्टड, म्हणजे भिंतीतली उभी लाकडं, सोळा-सोळा इंचांवर बसतात, पण टोकापासून मोजताना पहिली खूण सोळावर न करता सव्वापंधरावर करायची. स्टडचा मध्य सोळावर यायला हवा ना! मग चार फुटी प्लायवूडची कड बरोबर ४८ इंचांवर, स्टडच्या मध्यावर पडते आणि शेजारच्या शीटला खिळे मारायला पाऊण इंच लाकूड शिल्लक राहतं. ही पाऊण इंचाची गंमत ज्याला एकदा कळली तो नकाशा वेगळ्या नजरेनं वाचतो. कोपरा गुण्यात आहे का हे तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं तपासायचं, भिंत ओळंब्यात आहे का ते लेव्हलनं. भिंत उभी राहिली, तपासली, आणि पुढच्या बॅचसाठी पुन्हा खिळे उपसून मोकळी केली. लाकूड महाग आहे, त्यामुळे त्यात गैर काही नाही.

या धड्यानंतर ती माझ्या टेबलावरचे नकाशे बघायला लागली. भूकंपाचा जोर पेलणाऱ्या भिंतीच्या नकाशावर मी लिहिलं होतं, प्लायवूडच्या कडांना चार-चार इंचांवर खिळे. "हे मोजतं कोण?" म्हणाली. मोजतो इन्स्पेक्टर, भिंत झाकायच्या आधी. ते ऐकून तिनं विचारलं की मग सुताराला आधी कोण सांगतं. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या पदवीधरांनी मला हा प्रश्न अजून विचारलेला नाही.

सुरक्षिततेचा भाग म्हणजे ओशाचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, दहा तासांचा कोर्स. त्याचं प्लास्टिकचं कार्ड अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नावानं येतं आणि बऱ्याच साइट्सवर त्याशिवाय आत घेत नाहीत. बांधकामावर माणसं मरतात ती मुख्यतः चार कारणांनी: उंचावरून पडून, काहीतरी अंगावर आदळून, कशात तरी अडकून-चिरडून आणि विजेचा धक्का बसून. हे चार प्रकार मुलांकडून अक्षरशः घोटून घेतले. ओशाच्या फेडरल नियमाप्रमाणे बांधकामावर साधारणपणे सहा फूट उंचीपासून पडण्यापासून संरक्षण हवं. टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशेबानं बाहेर काढायची. आमची मुलगी आता घरातल्या दिवाळीच्या माळा लावताना बापाला शिडीवरून खाली उतरवते.

इतिहासाचा भाग कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, तसा तो थोडा आहेही. पण १९११ च्या न्यूयॉर्कमधल्या ट्रायअँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीपासून सुरुवात केल्यामुळे पोरं ऐकत बसली. त्या आगीत १४६ कामगार गेले, बाहेर जायचं दार कुलूपबंद होतं. तिथून १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा, म्हणजे सरकारी पैशाच्या कामांवर त्या भागातला प्रचलित मजुरीदर द्यायचा, इथपर्यंत येतात. पैशाच्या व्यवहारांच्या तासाला पगाराची स्लिप वाचायला शिकवली: हातात किती, कराला किती, युनियनची वर्गणी किती, पेन्शन फंडाला किती. पेन्शन हा शब्द आमच्या घरात माझ्या वडिलांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी उच्चारला.

शिक्षकांचा प्रामाणिकपणा मला आवडला. युनियनमध्ये काम सतत नसतं, मंदीत घरी बसावं लागतं, यादीत नाव लावून बोलावण्याची वाट पाहायची. सकाळी सहाला साइटवर हजर व्हायचं म्हणजे घर साडेचारला सोडायचं. गुडघे नि कंबर यांची काळजी विशीतच घ्यायची. हे सगळं पालकांच्या सभेत त्यांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर काही पालक उठूनही गेले. मी थांबले.

आता तो कापलेला स्टार.

ओशाचं कार्ड वेळेत आलं नाही. नियमाप्रमाणे कोर्स संपल्यापासून ९० दिवसांत ते मुलाच्या हातात पडायला हवं. इथे उन्हाळा गेला, दोन ईमेल गेले, मग आलं. मधल्या काळात एका साइट-भेटीला कार्ड नसलेल्या मुलांना गेटबाहेरच थांबावं लागलं. हातमोजे आणि हार्नेस (उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) सुरुवातीला सगळे मोठ्या मापाचे होते. बॅचमध्ये मुली मोजक्या, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नसावं. पण बोटाच्या पुढे इंचभर रिकामं कापड घेऊन करवतीजवळ जाणं हा धोका आहे, आणि जानेवारी २०२५ पासून ओशाच्या बांधकाम नियमांत स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेची साधनं घालणाऱ्याच्या मापाचीच हवीत. कळवल्यावर बदलून दिले, हे नमूद करते.

खरी तक्रार वेगळीच आहे. वीज आणि शीट मेटल, म्हणजे पत्र्याचं काम, यांना भरपूर वेळ मिळाला. प्लंबिंग एका दुपारीत उरकलं आणि गवंडीकामाची बोळवण व्हिडिओवर झाली. मुलानं ट्रेड निवडावा म्हणून जो कोर्स आहे, त्यात शिक्षक ज्या ट्रेडचे तिकडेच मुलं झुकणार. आमचीही झुकली. आता ती वीज तिला खरंच आवडते म्हणून घेते की शिक्षक आवडले म्हणून, हे तिलाही सांगता येत नाही. चार ट्रेनिंग सेंटर्सना प्रत्येकी एक पूर्ण दिवस नेलं असतं तर पाचवा स्टार मी हसत दिला असता.

मुलाला घालणार असाल तर शाळेत एक गोष्ट सरळ विचारा: तुमचा लेखी करार कोणत्या नोंदणीकृत अप्रेंटिसशिपशी आहे? नोंदणीकृत म्हणजे फेडरल कामगार खात्याकडे किंवा राज्याकडे नोंदलेली. कॅलिफोर्नियात हे काम डिव्हिजन ऑफ अप्रेंटिसशिप स्टँडर्ड्सकडे आहे. चांगल्या प्री-अप्रेंटिसशिपची कामगार खात्याची व्याख्याच अशी आहे की निदान एका नोंदणीकृत कार्यक्रमाशी तिची भागीदारी असली पाहिजे. उत्तर गोलमाल आलं तर तो नुसता सुतारकामाचा तास समजा. करार असेल तर पुढचा प्रश्न, त्या करारानं मुलाला नेमकं काय मिळतं: थेट मुलाखत, गुणांत भर, की फक्त शुभेच्छा? आमच्याकडे मुलाखत मिळते, जागा नाही. अर्ज घेण्याच्या तारखाही विचारा, कारण काही ट्रेड वर्षभर अर्ज घेतात आणि काही अगदी थोडे दिवस खिडकी उघडतात. सुतारकामाकडेच ओढा असेल तर हे लक्षात असू द्या की कारपेंटर्स युनियन या १४ मध्ये नाही. शाळांसाठी तिचा स्वतःचा करिअर कनेक्शन्स नावाचा अभ्यासक्रम आहे.

वयाचंही बघा. शाळेच्या वर्कशॉपमध्ये शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलं करवत चालवतात, पण उन्हाळ्यात पगारी काम धरलं की १८ वर्षांखालच्यांना गोल करवत, छपराचं काम, खोदकाम हे फेडरल कायद्यानं बंद आहे. विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींना काही सवलती आहेत, त्याही लेखी अटींवर. ओळखीचा कंत्राटदार "पाठवा की पोराला" म्हणाला तरी हे विचारल्याशिवाय पाठवू नका.

पुढचं चित्र असं. वीजकामाच्या युनियन अप्रेंटिसशिपला शाळेत बीजगणिताचं एक वर्ष पास असावं लागतं, मग बीजगणित आणि वाचनाची परीक्षा, मग मुलाखत. निवड झाली तर पाच वर्षं, साइटवर मिळून साधारण ८,००० तास, जोडीला वर्ग. सुरुवातीचा पगार कुशल कारागिराच्या निम्म्याच्या आसपास, आणि तास भरत जातील तसा चढत जातो. वरच्या शिक्षणाचं कर्ज नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका काकांनी "म्हणजे वायरमन होणार?" असं विचारलं. ती म्हणाली, "हो काका, तुमच्या टेस्लाचा चार्जर बसवायला मीच येईन." काकांनी मोदक पुढे केला.

इंजिनियरिंगला जाणाऱ्या मुलांनीही हा कोर्स करावा असं माझं व्यावसायिक मत आहे, मग पुढे अप्रेंटिसशिप घेवोत न घेवोत. ज्यांना हातानं काम करायला मुळातच नको वाटतं त्यांना मात्र ढकलू नका. बॅचमध्ये अशी दोन-तीन मुलं होती, कोपऱ्यात फोन बघत बसायची, आणि त्यांच्या वाट्याचं लाकूड दुसरे कापायचे.

खर्च म्हणाल तर कोर्सला काही पडत नाही. पोलादी टोकाचे बूट चांगले घ्या, त्यात काटकसर नको, आणि मोजे जाड. टेप २५ फुटी पुरते. टूल-बेल्ट मात्र आत्ता घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. हत्यारांची यादी अप्रेंटिसशिपला प्रवेश मिळाल्यावर येते आणि प्रत्येक ट्रेडची वेगळी असते.