मिशी, उणे चार नंबर आणि अंदमान: स्नॉर्कलिंगच्या मास्कचे आठ महिने

आधीच सांगते, मी काही पट्टीची पोहणारी नाही. लहानपणी गंगेवर (म्हणजे गोदावरीवर, नाशिककरांना वेगळं सांगायला नको) पाठीला डबा बांधून हातपाय मारले, तेवढीच पुंजी. म्हणून फेब्रुवारीतल्या अंदमानच्या स्नॉर्कलिंगसाठी (म्हणजे पालथं तरंगत, नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघायचं) जुलैतच मास्क मागवले.

पहिला मास्क फसला. सगळा चेहरा झाकणारा, नाकानेही श्वास घेता येणारा, दिसायला एकदम झकास. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तरण तलावात दहा मिनिटं घातला आणि डोकं जड झालं. सोडलेली हवा नीट बाहेर गेली नाही तर कार्बन डायऑक्साइड आतच साचतो, हे नंतर वाचलं. घाबरल्यावर तो झटकन निघतही नाही, आणि बुडी मारल्यावर कान मोकळे करायला नाक चिमटीत धरावं तर तीही सोय नाही. माळ्यावर गेला तो गेलाच.

मग साधा घेतला. फक्त डोळे-नाक झाकणारा, सिलिकॉनच्या कडांचा, तोंडात धरायची नळी वेगळी. माझा नंबर उणे चार, त्याच्या काचा बसवून मिळतात. थोडे जास्त पैसे गेले, पण ज्यांना चष्मा आहे त्यांनी इथे काटकसर करूच नये. नाहीतर एवढ्या लांब जाऊन रंगीत धुकं बघून परत यायचं. घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हवा आत ओढायची आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो आपला.

आमच्या ह्यांचा काही राहिना. कारण मिशी! केसांच्या फटीतून पाणी शिरतं. मिशी काढायला ठाम नकार. शेवटी नाकाच्या लगत खालची बारीक पट्टी तेवढी भादरली, तेव्हा गळती निम्म्यावर आली.

नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला. त्यानंतर काच आतून धुरकट होऊ नये म्हणून दरवेळी बेबी शाम्पूचा एक थेंब. शाम्पू विसरला तर सरळ थुंकी. किळस पहिल्या दिवशीच वाटते. पण खरी कमाई तलावातली सवय: पालथं पडून शांत तरंगायचं, नळीत पाणी आलं तर डोकं वर न काढता जोरात फुंकून बाहेर उडवायचं. डिसेंबरातल्या नाशिकच्या गारठ्यात सकाळी हे करताना स्वतःलाच शिव्या घातल्या, पण समुद्रात तेच कामी आलं.

तिकडच्या विमानतळालाही सावरकरांचंच नाव. त्यांचं जन्मगाव भगूर आमच्यापासून एवढं जवळ, त्यामुळे आधी सेल्युलर जेल, मग समुद्र. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या नाशिकच्या विजयानंद थिएटरात, आणि तो धागा इथल्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत येतो. तिथे उभं राहिल्यावर थोडा वेळ सुट्टीचा विसरच पडला.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पॅकेजमध्ये ‘स्नॉर्कलिंग समाविष्ट’ होतं. म्हणजे काय, तर एलिफंट बीचवर टायरच्या ट्यूबला धरायचं आणि एक मुलगा आपल्याला पंधरा मिनिटं ओढत नेतो. मुलगा बिचारा चांगला होता. पण किनाऱ्यालगतचं प्रवाळ बरंचसं करडं, मोडलेलं. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्याच्याबरोबर रंग जातो आणि अन्नही. अंदमानात २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं. वर आपल्यासारख्यांचे पाय. जाहिरातीतले फोटो डोळ्यांसमोर ठेवून जाल तर हिरमोड होईल.

पैसे वसूल झाले ते नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर. भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला प्रवाळ जवळजवळ उघडं पडतं, तेव्हा उतरूच नये. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी आणखी मोठी, म्हणून तिकिटं काढण्यापूर्वी कॅलेंडर बघा. आम्ही स्थानिक माणूस सोबत घेऊन भरतीला, सकाळी लवकर उतरलो. तिथे फेब्रुवारीत पावणेसहालाच उजाडतं. आत गेल्यावर आधी कुरुमकुरुम आवाज आला, शेजारी बसून कुणी पापड खातंय असा. ते पोपटमासे! प्रवाळ खरवडून खातात आणि त्याचीच वाळू करून मागे टाकतात. पाण्यात सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे एक मासा हाताशी आला असं वाटून मी हात मागे घेतला, तर तो चांगला लांब होता. त्या तासाभरात नंबरच्या काचांचे सगळे पैसे फिटले.

एक चूक: उन्हापासून पाठ झाकली, पोटऱ्या विसरले. आठवडाभर जिना उतरता येईना.

आता मास्कची तब्येत. पारदर्शक सिलिकॉन किंचित पिवळं पडलंय. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने. एक पट्टा तुटला, बदलला. नळीचा दातात धरायचा भाग चावून चावून मीच फाडलाय. ह्यांचा मास्क अजून नवाकोरा दिसतो, पण मिशी पुन्हा पूर्ण वाढली आहे आणि तो पुन्हा गळतो.