दहा मिनिटांत माती तपासून देणाऱ्याला मी दिलेले 42,640 रुपये

मी इंदुरातल्या एका शाळेत एकोणतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून "शिकलेल्या बाईला एवढेही कळले नाही का" असे तुम्ही म्हणणार आहात, आणि गेले कित्येक महिने मीही स्वतःला तेच म्हणते आहे.

यजमान गेल्यापासून शहरापासून 28 किलोमीटरवर असलेली आमची सात एकर काळी जमीन मी बटाईने करवून घेते. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू, अर्धा वाटा बटाईदारांचा. 2024 च्या नोव्हेंबरात पेरणी तोंडावर आली होती आणि डीएपी, म्हणजे पेरताना लागणारे स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खत, कुठेच मिळत नव्हते. सोसायटीपुढे पहाटेपासून रांगा लागत, दोन दिवस आमचे बटाईदार उभे राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. फसवणाऱ्याला नेमकी अशीच वेळ हवी असते, हे आता समजते.

माती तपासून खते विकणारा तो तरुण थेट शेतावर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि तोंडात अस्सल मराठी. आजोळ देवासचे म्हणाला आणि पहिल्याच वाक्यात मला "काकू" म्हणू लागला. हिंदी मुलखात शेताच्या बांधावर आपली भाषा कानी पडली की माणूस सैल होतो, मीही झाले. त्याने ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतले, 1924 मध्ये इंदुरात सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेचे नाव घेतले आणि आपले उत्पादन म्हणजे जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धती'चेच आधुनिक रूप असल्याचे सांगितले. वास्तविक इंदूर पद्धत म्हणजे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत शेतावरच केलेले कंपोस्ट. तिच्यात पोत्यातून विकत घेण्यासारखे काहीच नाही. आपल्या गावच्या अभिमानाने माझे डोळे मिटले.

त्याच्याजवळ तीन सुयांचे एक यंत्र होते. नमुना म्हणून त्याने बांधाला लागून, कडुलिंबाच्या सावलीत सुया खुपसायला घेतल्या, पण वरची माती कोरडी असल्याने त्या नीट जाईनात. तरी जेमतेम टोचून पडद्यावर पोटॅश, म्हणजे पालाश, 41 आले. मग त्याने बाटलीतले पाणी तिथे ओतले, पुन्हा सुया रोवल्या आणि आकडा 82 झाला. त्याने 82 लिहून घेतले. मी समोर उभी होते. पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली ओतल्याने जमिनीतले पोटॅश दुप्पट होत नाही, हे नववीतल्या मुलीनेही सांगितले असते. ही स्वस्त यंत्रे मातीची विद्युतवाहकता, म्हणजे तिच्यातून वीज किती वाहते ते, मोजतात आणि तीवरून नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे अंदाजाने काढून दाखवतात. ओल वाढली की आकडा वाढतो. विद्युतवाहकता मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवली होती. तो क्षण रोज रात्री आठवतो आणि रोज संताप येतो, त्याच्याइतकाच माझ्यावरही.

दहा मिनिटांत पोटॅश कमी दाखवणारा छापील अहवाल निघाला. बटाईदार हळूच म्हणाले, "बाईजी, मिट्टी तो सुखाई ही नहीं, रिपोर्ट कहाँ से आ गई?" त्यांना 2019 चा नमुना आठवत होता. तेव्हा आम्ही शेतात नागमोडी फिरून दहा ठिकाणी व्ही आकाराचे 15 सेंटिमीटर खोल खड्डे घेतले होते, माती एकत्र करून, चार भागांतले समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवली होती आणि ती सावलीत वाळवून दिली होती. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा मुद्दाम टाळली होती. त्या मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालात, हेक्टरी 512 किलो पालाश लिहिले होते. 280 च्या वर भरपूर समजतात आणि माळव्याच्या काळ्या मातीत ते बहुधा भरपूरच असते. उणीव होती ती जस्ताची, 0.42 पीपीएम (दहा लाख भागांत 0.42 भाग), जिथे निदान 0.6 हवे, स्फुरदही जेमतेमच होते. पत्रिका घरी कपाटात होती. मी बटाईदारांना गप्प बसवले. तुमच्याकडे जुनी पत्रिका असेल तर ती शेतावर ठेवा, कपाटात नव्हे.

हिशेब असा आहे. तीन नमुन्यांचे 1,500 रुपये. एकरी चार याप्रमाणे 'पोटॅशयुक्त मृदा सुधारका'ची 25 किलोची 28 पोती, दर 1,180, म्हणजे 33,040. 'स्फुरद मोकळे करणाऱ्या' द्रवाचे पाच लिटरचे दोन कॅन, 6,900. वाहतूक 1,200. एकूण 42,640, त्यांतले 20,000 यूपीआयने आगाऊ आणि 22,640 रोख, माल उतरल्यावर. खर्च पूर्ण माझा, कारण हट्टही माझाच होता. पावती म्हणून मिळाले ते एक कोटेशन. खतविक्रेत्याने ठरावीक नमुन्यातली पावती देणे 1985 च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे बंधनकारक आहे. ती न देणाऱ्याकडून एक किलोही घेऊ नका.

सगळ्यांत मोठी हानी पैशांची नव्हती. "हा द्रव असताना डीएपी लागत नाही" असे त्याने सांगितले आणि आम्ही डीएपीवाचून पेरले. स्फुरद विरघळवणारे जिवाणू खोटे नाहीत, पण खऱ्या जैविक खताच्या डब्यावर जिवाणूचे नाव, मिलिलिटरमागे संख्या, बॅच आणि वापराची मुदत लिहिलेली असते. माझ्या कॅनवर फक्त गव्हाच्या ओंबीचे चित्र होते आणि आत गुळाचा वास. शिवाय आमच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद जागचे हलत नाही; पेरताना बियाजवळ पडले तर पडले, मागाहून वरून फेकून ते मुळांपर्यंत फारसे पोचत नाही. म्हणून डिसेंबरात पिवळट, कमी फुटव्यांचा गहू पाहून शंका आली तेव्हा करण्यासारखे थोडेच उरले होते. सात पोती डीएपी 9,450 रुपयांची झाली असती. ती काळ्या बाजारातून चढ्या भावाने घेतली असती तरी परवडली असती. डीएपी नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात 16 टक्के स्फुरद आणि वर गंधकही मिळते, ते तेव्हा दुकानात पडून होते.

जानेवारीत मी ते लालसर दाणे घरी तपासले. 100 ग्रॅम दाणे पाण्यात ढवळून गाळले आणि गाळ वाळवून तोलला, तो 91 ग्रॅम भरला. खरे म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचे नेहमीचे खत, जवळजवळ सगळे विरघळते आणि त्यात 60 टक्के पालाश असते. गाळलेल्या पाण्याचा थेंब ज्योतीवर धरला तर ज्योत भडक पिवळी झाली, म्हणजे मिठातले सोडियम; हा पिवळा रंग अडवणाऱ्या निळ्या काचेतून पाहूनही पोटॅशियमची जांभळट छटा दिसली नाही. रंगवलेली चिकणमाती आणि मीठ. उरलेले 9 ग्रॅम सगळे मीठच धरले तरी एकरी 9 किलो होते, तेवढ्याने जमीन बिघडत नाही, हा एकच दिलासा. पण सोडियमने काळ्या मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही, म्हणून असे दाणे वर्षानुवर्षे टाकणाऱ्यांची मला काळजी वाटते.

त्यानंतर सुरू झाले ते फसवणुकीहून अधिक अपमानास्पद होते. कृषी कार्यालयात मी सात वेळा गेले. तीन पोती न उघडता ठेवली होती, तरी पहिल्यांदा "उघडलेल्या पोत्याचा नमुना घेता येत नाही" असे न पाहताच सांगण्यात आले. बंद पोते दाखवल्यावर उत्तर बदलले: पोत्यावर 'खत' असे लिहिलेलेच नाही, 'सुधारक' लिहिले आहे, म्हणून ते आमच्या कायद्यात येत नाही. पोटॅशच्या नावाने विकलेली माती खत नाही म्हणून सुटते, मग शेतकऱ्याने कोणत्या दारात जायचे? पोलीस ठाण्यात "हा शेतीचा मामला, कृषी विभागात जा", आणि कृषी विभागात "पैशांचा मामला, ठाण्यात जा". हेल्पलाइनवरची माझी तक्रार दोनदा 'निराकृत' म्हणून बंद झाली. एकदाही कोणी शेतावर आले नाही. एका अधिकाऱ्यांनी तर मला विचारले, "शिक्षिका होतात ना आपण?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण तो विचारण्यासाठी त्यांना पगार मिळत नाही.

बँकेने एवढेच सांगितले की उशीर झाला. यूपीआयने पैसे गेले असतील तर शंका येताच, त्याच तासात, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेपोटी दोन महिने कुणाला बोलले नाही. पोत्यावर 'खत' हा शब्द आणि घटकांची टक्केवारी नसेल तर पोते उतरवूनच घेऊ नका. एक पोते फोडायच्या आधी पेलाभर पाण्यात दाणे टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात. अखेर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही, मी शोधून काढले.

मार्चमध्ये एकरी 19 ऐवजी 14 क्विंटल गहू निघाला. सात एकरांचे 35 क्विंटल कमी, 2,425 च्या हमीभावाने 84,875 रुपये, आणि त्यांतला अर्धा तोटा त्या माणसाचा, ज्याने बांधावर मला वेळेवर विचारले होते. त्यांचे 42,437 रुपये मी तीन हप्त्यांत भरून देते आहे. पहिला हप्ता देताना ते नको नको म्हणत होते. मातीचा नमुना या वेळी त्यांनीच घेतला, आठ दिवस सावलीत वाळवला आणि प्रयोगशाळेत पोचवून पावती माझ्या हातात दिली.