ए-स्टार की एमएम?

प्रोजेक्टमध्ये सर्वात छोटा मार्ग शोधायला १९६८ची ए-स्टार ही शोधपद्धत घ्यावी की २०१६ची, सुरुवात आणि लक्ष्य अशा दोन्ही टोकांकडून शोधणारी एमएम, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं.

आधी मेमरी, कारण खरी अडचण तिथंच येते. प्रत्येक स्थितीला ३ फाटे आणि उत्तर २० पावलांवर असेल, तर लक्ष्य किती दूर आहे याच्या अंदाजाविना एकाच बाजूनं गेल्यास शेवटच्या थरातच सुमारे ३४९ कोटी स्थिती. दोन्हीकडून १०-१० पावलं चाललात, तर शेवटचे थर मिळून फक्त १,१८,०९८! पण अंदाज नेमका असेल तर ए-स्टारही फारसं भरकटत नाही आणि हा फायदा विरतो. एमएम निम्म्या अंतरापलीकडची स्थिती उलगडत नाही, म्हणजे तिचे पुढचे फाटे काढत नाही, ही हमी मला फार मोलाची वाटते.

थांबायचं कधी? अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसेल, तर ए-स्टारमध्ये उलगडण्यासाठी लक्ष्य निवडलं गेलं की काम संपलं. दुहेरी शोधात मात्र पहिली गाठ पडली म्हणजे सर्वात छोटा मार्ग सापडला असं नव्हे. इथं बरेच जण चुकतात.

लक्ष्य एकच, उलट चाल सोपी, अंदाज मध्यम: एमएम. बुद्धिबळातल्या मातेसारखी असंख्य लक्ष्यं किंवा अंदाज पक्का: ए-स्टार.