दोन वर्षांची ग्राहक तक्रार की तीन वर्षांचा दिवाणी दावा?

खासगी रुग्णालयाच्या हलगर्जीपणाने इजा झाली तर नाशिककरापुढे दोन वाटा असतात: जिल्हा ग्राहक आयोग किंवा सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळचं दिवाणी न्यायालय.

मुदतीच्या बाबतीत दिवाणी दावा उजवा दिसतो. इजेचा दिवस मोजणीत धरत नाहीत. म्हणजे 10 जून 2024 ला घडलेल्या चुकीसाठी ग्राहक तक्रार 10 जून 2026 पर्यंत आणि दावा 10 जून 2027 पर्यंत. मात्र रुग्ण दगावला असेल तर प्राणघातक अपघात कायद्याखालच्या वारसांच्या दाव्यालाही दोनच वर्षं.

खरी अडचण उशीर झाल्यावर कळते. मुदत कायद्याचं कलम 5 दिवाणी दाव्याला लागत नाही. एक दिवस उलटला तरी, कारण कितीही खरं असो, उशीर माफ करून घेण्याची सोय नाही. ग्राहक कायद्याच्या कलम 69 मध्ये विलंब माफ होऊ शकतो. तक्रारीसोबतच अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, किती दिवस उशीर झाला आणि का, हे डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्या शस्त्रक्रियेची बिलं यांच्या तारखांनिशी मांडायचं. ‘नोटीस पाठवली होती, उत्तराची वाट पाहत होतो’ यावर भिस्त नको. नोटिशीने मुदत वाढत नाही. अनेक जण इथेच फसतात.

केस पेपरची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

शस्त्रक्रिया मुंबईत झाली असेल तर पारडं आयोगाकडे आणखी झुकतं. ग्राहक तक्रार राहत्या ठिकाणी, म्हणजे नाशिकलाच करता येते. दाव्याला मात्र घटना घडली तिथे किंवा प्रतिवादी असेल तिथे जावं लागतं, दर तारखेला कसारा घाट उतरून. शिवाय दाव्याची कोर्ट फी रकमेप्रमाणे चढते. आयोगात, उपचारांचं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कच नाही.

ज्या रुग्णालयात सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी दावाच. बाकीच्यांनी, माझ्या मते, आयोगच धरावा, पण माफीच्या भरवशावर नाही. 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) 2002 मध्ये काढला, तरी सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती तक्रार मुदतबाह्यच ठरवली: इतकी वर्षं दुखत होतं, तर तपासणी का केली नाही?