बॉब आयगर यांचं ‘द राइड ऑफ अ लाइफटाइम’: खुर्चीत बसण्याआधीची वर्षं सर्वांत वाचनीय

मी टीव्ही वाहिनीच्या प्रोग्रॅमिंग विभागात काम करते. आमच्याकडे एफपीसी नावाचा तक्ता असतो: कोणत्या वारी, किती वाजता, काय दाखवायचं याचा. ठरलेला एपिसोड वेळेत आला नाही की तो कोलमडतो, आणि हाताशी असेल त्यातून वेळ भरून काढावी लागते. डिस्नी कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख राहिलेले बॉब आयगर यांच्या आत्मकथनातलं कॅलगरीचं प्रकरण मला इतकं जवळचं वाटलं ते म्हणूनच.

कॅनडातल्या कॅलगरीत भरलेलं १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक. अमेरिकेतल्या एबीसी या टीव्ही वाहिनीने प्रक्षेपण हक्कांसाठी ३० कोटी ९० लाख डॉलर मोजलेले. आणि ऐन स्पर्धेत उबदार वारे सुटले, बर्फ वितळू लागला, स्कीइंगच्या फेऱ्या पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. प्रक्षेपणाचं वेळापत्रक तेव्हा एबीसीत असलेल्या आयगर यांच्याकडे. रोज तासच्या तास मोकळे पडत होते आणि जाहिरातदार तर पैसे भरून बसलेले. मग एबीसीने कॅमेरे वळवले ते पदकाच्या आसपासही नसलेल्या माणसांकडे: स्की जंपिंगमध्ये शेवटचा आलेला ब्रिटिश एडी एडवर्ड्स, आणि जिथे बर्फच पडत नाही त्या जमैकाचा बॉबस्लेड संघ. आज त्या ऑलिंपिकचं नाव काढलं की अनेकांना आधी हेच आठवतात. एबीसी विकत घेतलेल्या कॅपिटल सिटीज कंपनीचे टॉम मर्फी आणि डॅन बर्क तिथे सगळं पाहत होते. दडपणाखाली न चिडणारा, न गडबडणारा हा माणूस त्यांच्या नजरेत भरला. पुढची मोठी पदं मिळाली ती तिथून.

पुस्तकाचा हा पूर्वार्ध मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची पुस्तकं साधारणपणे खुर्ची मिळाल्यानंतरचे पराक्रम सांगतात. इथे खुर्ची मिळेपर्यंतची वर्षं आहेत, आणि ती पुष्कळ आहेत. १९७४ मध्ये एबीसीत अगदी तळाच्या नोकरीपासून सुरुवात, डिस्नीचं सीईओपद २००५ मध्ये. मधल्या काळात एबीसी दोनदा विकली गेली, आधी कॅपिटल सिटीजला, मग डिस्नीला. मालक बदलले, साहेब बदलले, आणि प्रत्येक वेळी स्वतःला नव्याने सिद्ध करावं लागलं. एबीसी स्पोर्ट्सचे रून आर्लेज प्रक्षेपणाला थोडा वेळ उरलेला असताना तयार कार्यक्रम मोडून पुन्हा बांधायला लावायचे. त्या छळातून आयगर काय शिकले आणि कोणती सवय त्यांनी मुद्दाम उचलली नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

१९८९ मध्ये ते एबीसी एंटरटेनमेंटचे प्रमुख झाले, तेव्हा मालिकांच्या संहिता वाचण्याचा अनुभव नव्हता. तरीही ‘ट्विन पीक्स’सारखी विचित्र मालिका त्यांनी पडद्यावर आणली. खुनी कोण ते लवकर सांगा, असा आग्रह त्यांनी मालिकेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड लिंच यांना धरला आणि तो बरोबर होता का, याविषयी नंतर त्यांना शंका वाटली. ‘कॉप रॉक’ ही गाणारे पोलीस असलेली मालिका तर ११ भागांत गुंडाळली गेली. तिचं अपयश त्यांनी हाताखालच्या कोणावर ढकललं नाही. वाहिनीत काम करणाऱ्याला हे वाचून किती धीर येतो!

उत्तरार्धात खरेदीचे व्यवहार येतात. ॲनिमेशनपट बनवणारी पिक्सार २००६ मध्ये ७४० कोटी डॉलरला, मार्व्हल २००९ मध्ये, लुकासफिल्म २०१२ मध्ये, शेवटी फॉक्स. आकडे कुठेही मिळतात. इथे वाचण्यासारखं आहे ते पिक्सारच्या घोषणेआधीचं. कार्यक्रमाला तासाभराहून कमी वेळ उरलेला, आणि पिक्सारचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स आयगर यांना पिक्सारच्या आवारात फिरायला नेतात. कॅन्सर परत आलाय, हे सांगतात, आणि व्यवहारातून मागे फिरायचं तर आत्ता फिरा, अशी मोकळीकही देतात. आयगर मागे फिरत नाहीत. गुपित पोटात ठेवून ते व्यासपीठावर जातात. संचालक मंडळाला न सांगता हे करावं का, हा प्रश्न त्यांनी लपवलेला नाही. लुकासफिल्मचे संस्थापक जॉर्ज लुकास यांच्या कथा-आराखड्यांवर ‘स्टार वॉर्स’चे नवे चित्रपट केले नाहीत आणि ते दुखावले गेले, हेही त्यांनी कबूल केलंय. मार्व्हलचं प्रकरण मात्र भराभर उरकलंय.

मला खटकलं ते वारसदाराविषयीचं. डिस्नीचे आधीचे सीईओ मायकेल आइस्नर यांच्या हाताखाली क्रमांक दोनवर असताना पुढचा प्रमुख कोण, हे अधांतरी राहिल्याचा किती ताण होता, ते आयगर तपशिलात सांगतात. स्वतःची निवृत्ती मात्र त्यांनी वारंवार पुढे ढकलली. पुस्तक आलं २०१९ मध्ये. पुढच्या फेब्रुवारीत बॉब चॅपेक सीईओ झाले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आयगर पुन्हा त्याच खुर्चीत बसले. इतकं सोसलेला माणूस स्वतःचा वारसदार तयार करताना कुठे अडतो, यावर मला त्यांच्याकडून अख्खं प्रकरण हवं होतं. पुस्तकाच्या शेवटी नेतृत्वाच्या धड्यांची यादी दिली आहे. ती वगळली तरी चालेल, कारण तेच धडे प्रसंगांमधून आधीच पोचलेले असतात.

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत. प्रोग्रॅमिंगमध्ये किंवा निर्मितीत नव्याने आलेल्यांना मी हे हातात देईन आणि कॅलगरीपर्यंत तरी वाचाच, असा आग्रह धरीन.